मधुमेह केवळ सुखवस्तूंचा रोग नव्हे

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत श्रमिकांच्या चळवळीतही रुजलेली आहे. परंड्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ती घातक ठरते. अति तहान, वारंवार लघवी, थकवा, घटते वजन, अंधुक दृष्टी, न भरणारी जखम, पायांची बधिरता ही या रोगाची लक्षणे. परंतु उन्हात राबणाऱ्याला तहान लागणारच, ऊसतोडणीहून परतलेला माणूस खंगलेला असणारच, असे घरचेही धरून चालतात. रोगाची खूण श्रमाची खूण म्हणून दृष्टिआड होते. शिवाय पुष्कळांत वर्षानुवर्षे एकही लक्षण दिसत नाही. तेथे रक्ततपासणीवाचून मार्ग नाही.

कृश देह म्हणजे अभय, हेही खरे नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र या हडकुळ्या बालकांत स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. गर्भात कुपोषण सोसलेला देह पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतो, असे या संशोधनाचे सूत्र आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मातांच्या पोटची मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत! दांडेकर-रथ यांनी १९७१ साली दारिद्र्य उष्मांकांत मोजले. ते मोजमाप मोलाचे होते. पण पोट भरणे आणि पोषण होणे यांतील अंतर त्यात मावत नाही. रेशनच्या गहू-तांदळाने पोट भरते, दूध-भाजी विकतच घ्यावी लागते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के आढळले. खेड्यांतील आकडा लहान मानून सोडून देण्याजोगा नाही.

तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी हे शासनाचे धोरण आहे. पण दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघून गेल्यावर गावात शिबिर भरवून कोणाचे रक्त तपासणार? उचल घेतलेल्या जोडप्याला दवाखान्यासाठी खाडा परवडत नाही आणि सुरू झालेली गोळी फडावर बंद पडते. म्हणून तपासणी दसऱ्यापूर्वी व्हावी, टोळी जाईल तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात गावच्याच कार्डावर औषध मिळावे, आणि तपासणीच्या दिवशी खाडा धरू नये, या तीन मागण्या परंड्याच्या कार्यकर्त्यांनी यंदाच्या उचलीचे करार होण्यापूर्वीच तहसीलदार आणि साखर कारखाने यांच्यापुढे मांडाव्यात.