खुराड्याचें दार आणि परड्यांतील शेजारी

कोंबड्या पाळण्याविषयीं आमच्याकडे जें लिहिलें जातें तें बहुधा धंदा म्हणून लिहिलें जातें. किती पक्षी ठेवावे, खाद्य किती लागेल, अंड्यास भाव काय येईल, असा हिशेब त्यांत असतो आणि तो असावयासहि पाहिजे. परंतु ज्या घरीं पांच-सहा गावरान कोंबड्या केवळ हौसेनें असतात, मुलांनीं त्यांस नांवें दिलेलीं असतात, आणि त्यामुळें त्यांपैकीं एकहि कधीं हंडींत जाऊं शकत नाहीं, अशा घराचा विचार कोणी करीत नाहीं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या मुलुखांत कोंबडीवर जीव लावणें पाहुण्यांस हसण्यासारखें वाटतें, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि येथें चार शब्द लिहिण्याचें कारण असें कीं, या हौशीपायीं आमच्या परड्यांत एक अन्याय घडला, आणि तसाच तो करवीरच्या मळ्यामळ्यांतून दरसाल घडत असावा अशी आमची समजूत झाली आहे.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका सकाळीं खुराड्यांत तीन कोंबड्या मेलेल्या आढळल्या. दोघींच्या माना तोडलेल्या, तिसरीचें अर्धें अंग खाल्लेलें, आणि पिसें गोठ्याच्या भिंतीपर्यंत पसरलेलीं. त्याच भिंतीच्या बुडाशीं गड्यास सहा-सात फुटांची एक धामण दिसली. आम्ही पोंचेपर्यंत तिचा निकाल लागला होता. "आण्णा, हिनंच खाल्ल्यात कोंबड्या," असें तो मोठ्या समाधानानें म्हणाला, आणि आम्हीहि त्या वेळीं त्यास कांहीं बोललों नाहीं.

आतां विचार केला म्हणजे लाज वाटते. सापास भक्ष्याचे लचके तोडतां येत नाहींत. त्याचे दांत तें धरून ठेवण्यापुरते असतात, आणि जें खावयाचें तें तो सगळेंच्या सगळें गिळतो. धामण अंडें गिळील, एखादें लहान पिलूंहि उचलील, हें खोटें नाहीं. पण वाढलेल्या कोंबडीची मान तोडून पिसें विखुरणें हें तिचें काम नव्हे. शिवाय धामण दिवसा हिंडणारी, आणि हा प्रकार रात्रींचा. म्हणजे जिला शिक्षा झाली तिच्याजवळ गुन्हा करण्याचें साधनच नव्हतें! तिसऱ्या रात्रीं आणखी एक कोंबडी गेली, तेव्हां आम्हीं खुराड्यापुढें चुलींतली राख चाळून पसरली. दुसरे दिवशीं सकाळीं तींत वाटोळे, चार बोटांचे, नखें न उमटलेले ठसे मिळाले. कुत्र्याच्या व मुंगसाच्या पावलांत नखें उमटतात. मांजराच्या जातीचीं जनावरें चालतांना तीं आंत ओढून घेतात. तें रानमांजर होतें कीं गांवांतला एखादा बोका, हें आजहि आम्ही सांगूं शकत नाहीं. धामण नव्हती एवढें निश्चित. आणि पहिल्या रात्रीं खुराड्याचें दार उघडें राहिलें होतें, तिसऱ्या रात्रीं कडी नीट बसली नव्हती, हेंहि तितकेंच निश्चित. दोष कोणाचा, हें वाचकांनीं ठरवावें.

नागपंचमीस नागाची पूजा करणारे आम्ही लोक धामणीस मात्र लाठीनेंच भेटतों. ती गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, असें आमच्याकडे शहाणीं माणसेंहि सांगतात. दूध चोखण्यास ओंठ व गाल लागतात. सापास तीं दोन्हीं नाहींत. गोठ्याभोंवतीं ती दिसते तिचें कारण दूध नसून उंदीर हें आहे. कणगी, वैरणीची गंज आणि उंसाचा फड या तिन्ही ठिकाणीं उंदरांनीं व घुशींनीं काय होतें, हें उंसवाल्या शेतकऱ्यास आम्हीं सांगावें असें नाहीं. ज्या बिळांत आपला हात जात नाहीं आणि जेथें मांजर शिरत नाहीं, तेथें धामण जाते. तिला विष नसतें. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें तिला मारणें हा गुन्हाहि आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षां शेतकऱ्यास स्वतःच्या लाभाचें गणित लवकर पटावें.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे, नाहींतर आमच्या लिहिण्याचा विपर्यास होईल. साप म्हटला कीं तो मित्रच, असें आम्ही म्हणत नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या दंशानें शेतांत माणसें मरतात, आणि उंसांत घोणसेवर पाय पडणें ही कल्पनेंतली गोष्ट नव्हे. ओळख पटत नसेल तर सापापासून दूर उभें राहावें व जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. पण कोंबड्या पाळणाराच पुष्कळदां सापांस आमंत्रण देतो, हेंहि खरें. रात्रीं जमिनीवर सांडलेले दाणे उंदीर वेंचतात, आणि उंदरांमागें नाग येतो. संध्याकाळीं दाणे झाडून झांकणाच्या डब्यांत ठेवणें यासारखा स्वस्त उपाय नाहीं.

परड्यांतील प्राण्यांकडे डोळे उघडून पाहण्याचा छंद या भागास नवा नाहीं. 1851 सालीं साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यांतील अधिकारी होते. नोकरी संभाळून त्यांनीं बंगल्याभोंवतींचे उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, बेडूक यांवर इतकें रसाळ लिहिलें कीं, 1883 सालीं निघालेलें त्यांचें तें पुस्तक अजूनहि वाचलें जातें. त्याच सालीं मुंबईंत ज्या थोड्या गृहस्थांनीं निसर्ग-इतिहास संस्था काढली त्यांत तेहि होते. पुढें डांसाच्या एका जातीस त्यांचें नांव मिळालें. त्यांच्याजवळ होता तो बंगला आणि फावला वेळ. आमच्याजवळ तर विहीर, बांध, गोठा व परडें असें सर्व आहे. नाहीं ती फक्त बघण्याची संवय.

संवय लागली म्हणजे घरच्या कोंबडींतहि किती पाहण्यासारखें आहे, हें कळतें. तिच्या पिवळ्या पायांचेंच पाहा. घरगुती कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा हें सर्वमान्य आहे. पण तिच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आला, असें 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. हा राखी रानकोंबडा भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कोठेंहि मूळचा नाहीं, आणि राधानगरी-दाजीपूरच्या रानांत पहांटे त्याची बांग आजहि ऐकूं येते. जगांतल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या अशा रीतीनें आमच्या सोयऱ्या निघाल्या! दुसरी गोष्ट त्यांच्या मानापानाची. नॉर्वेंतील श्येल्डेरुप-एब्बे यांस लहानपणापासून कोंबड्यांचें वेड होतें. कोणती कोंबडी कोणास टोचते व कोणाचें टोचणें मुकाट्यानें सोसते, हें टिपून त्यांनीं 1922 सालीं दाखवून दिलें कीं, प्रत्येक कळपांत वरपासून खालपर्यंत पायऱ्या ठरलेल्या असतात. आमच्या परड्यांत हें आम्ही रोज पाहतों. या टिपणांचा उपयोग पुढें एका अनपेक्षित ठिकाणीं झाला, तो असा.

कोंबड्या वांचवावयाच्या तर खरा उपाय दाराचा. आमच्या आजीच्या काळीं दिवेलागणीस कोंबड्या डालग्याखालीं झांकणें हें ठरलेलें काम होतें आणि तें चुकत नसे. आज घर तेंच असलें तरी माणसें त्या घटकेस घरीं नसतात. कोणी कारखान्यावर, कोणी शहरांत, आणि शेतीपंपास वीज रात्रीं मिळावयाची असली म्हणजे धनी स्वतः पाण्यावर. ही घटका यंत्रानें संभाळावी हा विचार आमच्या नातीचा. ती अकरावींत शिकते. इटलींतील इव्रेआ या गांवीं 2005 सालीं विद्यार्थ्यांकरितां निघालेली अर्डुइनो नांवाची तळहाताएवढी पट्टी आतां आमच्याकडेहि मिळते. तीस लहान मोटर जोडतां येते, उजेड मोजणारा एक तुकडा जोडतां येतो, आणि काय केव्हां करावें तें संगणकावर लिहून तिच्यांत भरतां येतें. यासच प्रोग्रॅम म्हणतात. साठी ओलांडल्यावर आम्ही तो नातीकडून लिहावयास शिकलों, आणि "आबा, अर्धविराम विसरलात" हें वाक्य रोज ऐकून घेतलें.

पहिला प्रोग्रॅम अगदीं भोळा होता: साडेसहा वाजले कीं दार लाव. परंतु कोल्हापुरास नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या किंचित् अगोदर मावळतो, आणि जुलैच्या आरंभीं सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. सव्वा तासाचें हें अंतर घड्याळाच्या एका ठरीव वेळेंत कसें बसावें? म्हणून उजेड कमी झाला कीं दार लागावें अशी योजना केली. आषाढांत एके दिवशीं चार वाजतांच असें आभाळ दाटलें कीं दार लागून गेलें, आणि साऱ्या कोंबड्या शेवग्याखालीं भिजत उभ्या! पुढें एका रात्रीं वीज चमकली तिलाच पहांट समजून दार उघडलें. सुदैवानें आम्ही जागे होतों. तेव्हांपासून दोन साक्षी घेतल्या जातात. पंचांगाप्रमाणें त्या दिवसाचा सूर्यास्त होऊन गेला पाहिजे आणि उजेडहि गेला पाहिजे, तरच दार लागतें. सकाळींहि उजेड दहा मिनिटें सारखा टिकला तरच उघडतें.

इतकें करूनहि एक कोंबडी अधूनमधून बाहेर राही. ती नेहमीं एकच असे. टिपणवही पाहिली तेव्हां उलगडा झाला. ती कळपांतली सर्वांत खालच्या पायरीची. दारांतच तीस दोघीजणी टोचीत, म्हणून सगळ्या जागेवर बसून शांत होईपर्यंत ती बाहेर थांबे, आणि तोंवर दार लागून जाई. दार आणखी बारा मिनिटें उशिरा लागूं दिलें, तेव्हां तीहि आंत येऊं लागली. हें कोणत्याहि यंत्रविक्याच्या माहितीपत्रकांत मिळालें नसतें.

दीड वर्ष झालें, रात्रीं एकहि कोंबडी गेली नाहीं. रानमांजर कीं बोका, तो येऊन राखेंत ठसे ठेवून जातो. दिवसा एकदां मुंगसानें एक पिलूं नेलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तें आम्हीं जमिनीचा खंड भरावा तसें सोडून दिलें, कारण तेंच मुंगूस विहिरीकडच्या घुशींच्या मागें असलेलें आम्ही रोज पाहतों. यंत्रावर सगळा भार टाकूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. पट्टीच्या पेटींत एकदां मुंग्यांनीं घर केलें होतें. वीज जाते, म्हणून बॅटरी हवीच. आणि दारास हातानें ओढण्याची दोरी ठेवावी. दार हलकें असावें, नाहींतर मध्यें सांपडलेली कोंबडी जायबंदी होईल.

रानपाखरांपासून रोग येतात, तेव्हां परड्यांतील झाडझाडोरा काढून टाकावा, असें कांहीं सभासदांचें म्हणणें आहे. 2006 सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास बर्ड फ्लूची जी साथ आली तिची आठवण सर्वांस आहे, आणि ही भीति निराधार नाहीं. परंतु यावर उपाय झाडें तोडणें हा नव्हे. कोंबड्यांचें पाणी व दाणा छपराखालीं ठेवावा म्हणजे बाहेरचीं पाखरें त्यावर उतरत नाहींत. मानमोडीची लस वेळच्या वेळीं टोचून घ्यावी. आणि एकदम अधिक कोंबड्या मेल्या तर त्या न पुरतां-फेंकतां पशुवैद्यकीय दवाखान्यास आधीं कळवावें. तोडलेल्या झाडावर भारद्वाज बसत नाहीं, आणि त्याच्या वांट्याच्या अळ्या व गोगलगायी मग भाजीपाल्यावरच राहतात.

आमच्या सभासदांनीं एवढें करावें अशी विनंति आहे. कोंबडी मेली तर लाठी उचलण्यापूर्वीं माना तुटल्या आहेत कीं अंडें सबंध नाहींसें झालें आहे हें पाहावें, आणि एक रात्र राख पसरून ठेवावी. ठशांचीं चित्रें काढून कोणीं पाठविलीं तर तीं या मासिकांत अवश्य छापूं. दाराचा प्रोग्रॅम नातीनें मराठी टिपांसह लिहून दिला असून त्याची प्रत संस्थेच्या कचेरींत ठेविली आहे. ज्यांस हवी त्यांनीं ती न्यावी. चौकट व सरकतें दार मात्र गांवच्या सुताराकडून आपल्या खुराड्याच्या मापानें करून घ्यावें.