पहाटे पाचवाल्यांनो, आम्हाला जरा झोपू द्या!

नोकरी बदलली की आजूबाजूच्या लोकांना अचानक आपल्या तब्येतीची काळजी वाटायला लागते. आधी पेढे, मग "पॅकेज किती?" आणि तिसऱ्या मिनिटाला "पोट सुटलंय रे, चेहरा बघ कसा ओढलाय!" त्याच्या मागोमाग उपदेश. पहाटे पाचला उठ. कोमट पाण्यात मध-लिंबू घे. बारा सूर्यनमस्कार घाल. एकवीस दिवस नेटाने कर, बघ सवय लागते की नाही! आपण बिचकत म्हणावं, "अहो, पण रात्री साडेअकराला कॉल संपतो..." की लगेच ब्रह्मास्त्र बाहेर येतं. "चोवीस तास सगळ्यांनाच असतात. इच्छाशक्ती पाहिजे!"

मंडळी, माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. पहाटे उठण्याशी नाही, सूर्यनमस्कारांशी तर अजिबात नाही. थकलेल्या माणसाला 'तुझ्यात शिस्त नाही' असं सांगणं हे निदान म्हणून चुकीचं आहे, आणि उपाय म्हणून त्याहून वाईट. कारण तो माणूस त्यावर विश्वास ठेवतो. मग सहा तासांच्या झोपेतला आणखी एक तास कापून जिमला जातो, नवव्या दिवशी कोलमडतो आणि वर स्वतःलाच शिव्या घालतो. जिमवाल्याचे वर्षाचे पैसे मात्र आगाऊ भरलेले असतात!

आधी त्या एकवीस दिवसांचं बघू. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा आपला वाटायला साधारण एकवीस दिवस तरी लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९६० साली त्यांनी ते पुस्तकात लिहिलं. पुढे त्यातलं 'साधारण' गळलं, 'तरी' गळलं, सर्जरीही गळली, आणि उरला मंत्र! सवयी प्रत्यक्षात किती दिवसांत लागतात हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर मोजून पाहिलं. तो अभ्यास २०१० साली छापून आला. मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे तुमच्या मित्राला तीन आठवड्यांत जमलं आणि तुम्हाला सहा महिने लागले, तर दोघंही नॉर्मल. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी उपदेशवाले कधीच सांगत नाहीत. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही.

दहा हजार पावलांची गोष्टही तशीच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, जाहिरातीला बरा होता, चालला. आज तोच आकडा मनगटावर बसून रात्री दहाला आपल्याला अपराधी वाटायला लावतो. चालू नका असं मी म्हणत नाही. फक्त जाहिरातीला धर्मग्रंथ करू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नोकरी बदलल्यावर सवयी का मोडतात? आपण आळशी झालो म्हणून? काल संध्याकाळपर्यंत शिस्तशीर असलेला माणूस जॉइनिंगच्या दिवशी एकदम आळशी कसा होईल? सवय ही कुठल्यातरी खुंटीवर टांगलेली असते. समजा जुन्या नोकरीत आठ-दहाची कंपनीची बस होती. ती पकडायची म्हणून सातला आवरायचं, म्हणून सहाला टेकडीवर जायचं, म्हणून साडेदहाला दिवा बंद. टेकडी त्या बसच्या खुंटीवर लटकली होती! आता खराडीची नोकरी सोडून हिंजवडीला गेलात. बस गेली, वेळ बदलली, जेवायची सोबत बदलली, आणि संध्याकाळी भूमकर चौकात गाडीत बसून ब्रेक-क्लच, ब्रेक-क्लच करायचा व्यायाम तेवढा वाढला. खुंटीच उपटली गेली तर टांगलेलं सगळं खाली पडणारच. त्यात चारित्र्याचा प्रश्न येतो कुठे?

आणि आपल्या धंद्यात तर घड्याळही आपलं नसतं. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असेल आणि त्यांची मीटिंग तिकडच्या सकाळी साडेनऊला असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, आणि तीच मीटिंग आपल्याकडे रात्री अकराला सुरू होते. ते पुढे मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. त्यांना त्या रात्री एक तास झोप जास्त मिळते आणि आपली चार महिने दररोज एक तास जाते! कॅलेंडर इन्व्हाइट आपोआप सरकतं, कोणी विचारतसुद्धा नाही. साडेअकराला लॅपटॉप मिटला तरी डोकं बारा-साडेबारापर्यंत चालूच राहतं. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी, हे डॉक्टर लोक वर्षानुवर्षं सांगताहेत. साडेबारा अधिक सात म्हणजे किती? साडेसात. पहाटे पाच या हिशोबात कुठे बसतात ते कोणीतरी मला कागदावर मांडून दाखवा.

"पण आमचे शेजारी बघ, रोज पाचला उठतात!" उठतात ना. साडेनऊला झोपतातही. तेवढं बघायला कोणी जात नाही.

बायकांचा हिशोब तर आणखी वेगळा. आमच्या टीममधल्या दोघीजणी सहालाच उठतात. मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधं, कामवाल्या मावशींची वाट, आणि मग स्टँडअपला "गुड मॉर्निंग टीम". त्यांना कोणी जाऊन सांगावं, की तुमच्यात इच्छाशक्ती कमी आहे. सांगणाऱ्याची हिंमत मानली पाहिजे!

यात कंपन्यांची गंमत वेगळीच. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड जुनी कंपनी पूर्ण वसूल करते आणि शेवटच्या महिन्यात नॉलेज ट्रान्सफरच्या नावाखाली पिळून काढते. नव्या कंपनीला 'इमिजिएट जॉइनर' हवा असतो. म्हणून शुक्रवारी रिलीव्हिंग लेटर आणि सोमवारी नवं आयकार्ड. तिकडे सुट्ट्यांचं खातं पुन्हा शून्यावर. प्रोबेशनमध्ये सुट्टी मागायची लाज वाटते ती वेगळीच. म्हणजे माणूस सगळ्यात जास्त दमलेला असतो नेमका तेव्हाच त्याला सिद्ध करून दाखवायचं असतं. आणि याच काळात एचआरची मेल येते - 'वेलनेस मंथ! स्टेप चॅलेंजमध्ये भाग घ्या, बक्षिसं जिंका!' त्याच दिवशी दुपारी एक ते दोन रिव्ह्यू मीटिंग लावलेली असते. डबा कधी खायचा? चालता चालता, पावलं तरी होतील!

हे नुसतं चिडून बोलणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित घटना म्हटलं. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि नीट हाताळला गेला नाही की त्यातून जे होतं, ते. म्हणजे मूळ कामाच्या ठिकाणी आहे, आपल्या अलार्ममध्ये नाही. २०२१ साली याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर आकडे मांडले. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त.

हे आकडे आल्यानंतर आपल्याकडे काय झालं? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष ९० तासांवर पोचले, आणि रविवारी लोकांना कामाला लावता येत नाही याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. नव्वद भागिले सात करून बघा, रोजचे जवळजवळ तेरा तास येतात. सुट्टी नाही, सण नाही, पोरगं आजारी नाही.

आता हा रविवार आपल्याला काही आकाशातून मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. गिरणी कामगार त्यासाठी सहा वर्षं झगडले, आणि एसीत बसणारे आपण रविवारी दुपारी 'क्विक सिंक' आहे म्हटल्यावर मुकाट्याने हेडफोन लावतो. मग सोमवारी म्हणतो, व्यायामाला वेळच मिळत नाही यार.

लोखंड्यांनी कामगारांना 'टाइम मॅनेजमेंट शिका' असं सांगितलं नाही. त्यांनी वेळ मागितला!

"म्हणजे सगळा दोष कंपनीचा, आपण हात जोडून बसायचं?" असा प्रश्न येणार, रास्त आहे. नाही, बसायचं नाही. पण क्रम बदलायचा. सर्व्हर डाऊन असताना आपण नवीन फीचर टाकतो का? शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायचं नाही हे ज्याला झोपेतही कळतं, तोच माणूस एक तारखेला नोकरी, घर, डाएट, जिम आणि पहाटेचा अलार्म असं सगळं एकदम प्रॉडक्शनवर ढकलतो. मग रोलबॅक होतो, त्यात नवल काय?

तर माझ्या मते क्रम असा. पहिलं, ऑफर लेटर हातात आलं की पगाराइतक्याच गांभीर्याने तीन गोष्टी विचारा. रात्रीचे कॉल आठवड्यातून किती? उशिरा कॉल झाला तर सकाळी उशिरा आलेलं चालेल का? आणि जॉइनिंगच्या आधी दोन आठवडे मिळतील का? नोटीस पीरियडचे नव्वद दिवस जी कंपनी थांबते ती आणखी चौदा दिवसांनी बुडत नाही. ते दोन आठवडे झोपा. मनाली-बिनाली नंतर.

दुसरं, रक्त तपासून घ्या. दोन-तीन आठवडे पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नसेल तर ते मोटिव्हेशनचं काम नाही, डॉक्टरचं आहे. हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर. शाकाहारी घरांमध्ये बी-ट्वेल्व्हची कमतरता सर्रास सापडते, आणि ती भरून काढायला इच्छाशक्ती लागत नाही, औषध लागतं. जोरात घोरत असाल आणि आठ तास झोपूनही डोकं जड राहत असेल तर तेही सांगा. सततची उदासी असेल तर तीसुद्धा.

तिसरं, पहिले दोन महिने एकच सवय, आणि तीही झोपेची. रात्री झोपायची वेळ पक्की करा, ती भले साडेबारा असो. दुपारी चारनंतरचा चहा-कॉफी बंद, कारण निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं. ते जमलं की मगच व्यायाम, आणि तो नव्या नोकरीतल्या नव्या खुंटीला टांगायचा. जेवणानंतर कॅम्पसमध्ये पंधरा मिनिटं, घरी जिना. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम पुरे म्हणते, आणि सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट त्यांनी २०२० साली काढून टाकली. तुकड्या-तुकड्यांत केलेलंही धरतात. म्हणजे तीन जिने चढलात तर ते वाया गेलं नाही.

आणि चौथं, कॅलेंडरवर स्वतःची वेळ अडवून ठेवा आणि त्यावर कोणी मीटिंग टाकली तर 'नाही' म्हणा. गोड बोलून म्हणा, पण म्हणा. एकट्याला भीती वाटत असेल तर टीममधल्या तिघा-चौघांनी मिळून म्हणा. नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलेल तेव्हा मीटिंग अर्धा तास अलीकडे घ्या, अर्धा तास तुम्ही सोसा, एवढं क्लायंटला सांगून बघा. सहसा त्यांना माहीतच नसतं की आपल्याकडे अकरा वाजलेत. कारण आपण कधी सांगितलेलंच नसतं!

एवढं करून कोणी तुम्हाला पुन्हा 'इच्छाशक्ती पाहिजे' म्हणालं तर त्याला सांगा, आहे ना, भरपूर आहे. रात्री अकराला क्लायंटशी हसून बोलायला तीच तर लागते. सध्या सगळी तिकडेच खर्च होतेय, ती परत मागतोय, एवढंच.

असो. उद्या रविवार आहे. अलार्म बंद करून झोपा.