नावाचे तारण

श्रीरामपूरला लागून असलेल्या टिळकनगरच्या मद्य कंपनीने १ डिसेंबर २०२५ रोजी 'पर्नो रिकार' या बलाढ्य फ्रेंच कंपनीकडून 'इंपीरियल ब्ल्यू' या व्हिस्कीचा धंदा विकत घेतला. किंमत ४,१५० कोटी रुपये. घेणाऱ्या टिळकनगर इंडस्ट्रीजची २०२४-२५ सालातली निव्वळ विक्री साधारण १,४०० कोटींची. घेतलेल्या एकट्या व्हिस्कीची ३,००० कोटींच्या वर. सून सासरपेक्षा मोठ्या घरची आली म्हणा ना!

हे ४,१५० कोटी नेमके कशाचे? बँकेतल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो. आम्ही कर्जप्रकरण हातात घेतले की आधी तारणाचा रकाना पाहायचो. जमीन असेल तर गहाणखत, यंत्रे आणि गोदामातला माल असेल तर नजरगहाण. उद्या कर्ज थकले तर जिला कुलूप लावता येईल अशी वस्तू हवी. इंपीरियल ब्ल्यूच्या व्यवहारात कारखान्याचा भाग आहे, माणसे आहेत, पण मोजली गेली ती किंमत बाटलीवरच्या नावाची. वर्षाला दोन कोटींहून अधिक पेट्या खपवणारे हे नाव सीग्रॅम कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणले. २००१ मध्ये सीग्रॅमचा मद्यधंदा विकला गेला, तेव्हा ते पर्नोच्या पदरात पडले. आता ते श्रीरामपूर तालुक्याच्या खात्यावर जमा झाले आहे.

या तालुक्याला नावाची ही जादू नवी नाही. रेल्वे स्टेशनवर आजही 'बेलापूर' अशीच पाटी आहे. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले, प्रवरेचे पाटपाणी भरवशाचे झाले आणि ऊस पिकू लागला. हरेगावला बेलापूर कंपनी होतीच. १९३३ मध्ये महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी 'महाराष्ट्र शुगर मिल्स' काढली. वसाहतीला लोकमान्यांचे नाव दिले. मद्यनिषेधाच्या चळवळीत हिरिरीने उतरलेल्या टिळकांचे नाव पुढे मद्याच्या बाटलीवर कंपनीच्या पत्त्यात छापले जावे, हा योगायोग एखाद्या कादंबरीत घातला असता तर संपादकाने तो काटला असता.

कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या गेल्या, १९६३ मध्ये शेती महामंडळ आले आणि खंडकऱ्यांचे हेलपाटे सुरू झाले. कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना जमिनी परत मिळण्याची वाट मोकळी झाली ती २०१२ मध्ये. तीन पिढ्या गेल्या मध्ये! कंपनीच्या हातून जमीन गेली, पुढे साखरही मागे पडली. मळीपासून सुरू झालेले मद्य तेवढे राहिले. म्हणजे आमच्या तारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीवर जे लिहायचे, तेच नाहीसे झाले.

मग कंपनी जगली कशावर? 'मॅन्शन हाऊस' या ब्रँडीवर. हे नाव मूळचे हॉलंडचे. १९८० च्या दशकात डच कंपनीशी करार झाला आणि त्या नावाने टिळकनगरची ब्रँडी दक्षिणेत खपू लागली. महाराष्ट्रात ब्रँडी म्हटले की खोकल्याचे औषध आठवते. आंध्र, तेलंगण, कर्नाटक, केरळात तो रोजचा ग्लास आहे. खप वाढला तसा, नाव कोणाचे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये खंडपीठाने डच बाजूचे अपील फेटाळले. तो निर्णय अंतरिम मनाईपुरता होता. तरी इतकी वर्षे या नावावर विक्री कोणी केली, हा मुद्दा टिळकनगरच्या कामी आला. बाटलीतल्या द्रव्याबद्दल हा तंटा नव्हताच. आपल्याकडच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या ब्रँडीत काय आणि व्हिस्कीत काय, मोठा हिस्सा एकाच जातीच्या न्यूट्रल अल्कोहोलचा असतो. रंग, वास आणि थोडे मिश्रण निराळे. फरक पडतो तो लेबलाने.

नावावर कर्ज दिले तर काय होते, हे देशातल्या बँकांनी 'किंगफिशर'मध्ये पाहिले. विजय मल्ल्या यांच्या विमान कंपनीसाठी बँकांनी चक्क नाव आणि चिन्ह तारण घेतले. एका मूल्यांकनात त्याची किंमत ४,००० कोटींच्या वर लावली होती. विमाने जमिनीवर आली, कर्ज थकले आणि एप्रिल २०१६ मध्ये त्या नावांचा लिलाव पुकारला. राखीव किंमत सुमारे ३६७ कोटी. एकही बोली आली नाही. गंमत अशी, की त्याच नावाची बिअर तेव्हाही जोरात होती आणि आजही आहे. ती बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमध्ये हायनेकेन या डच कंपनीने २०२१ मध्ये आपला हिस्सा ६१ टक्क्यांवर नेला. नाव एकच, बिअरच्या बाटलीवर ते सोने आणि विमानाच्या शेपटीवर माती.

टिळकनगरनेही कर्जाचा चटका सोसला आहे. गेल्या दशकात तिची कर्जे थकली, मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे गेली, तडजोड झाली; त्यातून ती सावरली. आता इंपीरियल ब्ल्यूसाठी काही नवे भांडवल आणि काही पुन्हा कर्जच. पर्नोने हे नाव का सोडले, हेही पाहावे. महागड्या बाटलीत नफा जास्त, म्हणून या परदेशी कंपन्या वरच्या पायरीकडे सरकत आहेत. स्वस्त बाटलीचा अफाट खप आणि बारीक नफा आपल्या माणसांसाठी मागे उरतो.

तो बारीक नफाही सरकारच्या मुठीत. दक्षिणेतल्या राज्यांत घाऊक खरेदी सरकारी महामंडळे करतात. दरही तेच ठरवतात. तेलंगणात थकबाकी आणि दरवाढीवरून युनायटेड ब्रुअरीजने जानेवारी २०२५ मध्ये बिअरचा पुरवठाच काही दिवस थांबवला होता. इकडे महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढवले. १८० मिलीच्या बाटलीला विदेशी मद्याचा किमान दर २०५ रुपये ठरला, तर धान्यापासूनच्या नव्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा १४८. सत्तावन्न रुपयांचा हा फरक ग्राहकाने सोसायचा तो लेबलाकडे पाहून.

आणि हे लेबल डोक्यात भरवले जाते कुठे? आपल्या बैठकीच्या खोलीत. केबल टीव्हीवर मद्याच्या जाहिरातींना २००० सालापासून बंदी आहे. त्यानंतरही इंपीरियल ब्ल्यूच्या जाहिराती घरोघरी पाहिल्या गेल्या. कागदोपत्री त्या संगीताच्या सीडीच्या होत्या. पुरुषजात शेवटी तशीच, अशा मिश्किल गोष्टी त्यांत असत. आपण हसलो, मुलेही हसली. ती सीडी वाजताना मी तरी कोणाच्या घरी ऐकली नाही. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला कौल दिला तर दुकान बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे; जाहिरातीसाठी मात्र असे मतदान नाही.

इंपीरियल ब्ल्यूच्या रकमेपैकी २८२ कोटी रुपये चार वर्षांनी, म्हणजे २०२९ च्या अखेरीस द्यायचे ठरले आहेत. तोवर उरलेल्या कर्जाचे व्याज चालू राहील आणि ते पेट्यांच्या खपातूनच निघायचे आहे.