खापर आईच्या माथी!

शेजारच्या बिऱ्हाडातून रात्री अकरा वाजता भांडी आपटल्याचा आवाज येऊ लागला की आपण खिडकी लावून घेतो, आणि सकाळी जिन्यात भेटेल त्याला सांगतो, "पोराला वळण म्हणून नाही!" त्या घरातली आई स्वतःच्या चौदा वर्षांच्या मुलाने उठवलेले वळ बाहीखाली झाकत असते. सुऱ्या-कात्र्या ती रात्री कुलपात ठेवते. लग्नकार्यांना जाणे तर तिने केव्हाच सोडलेले असते. अशा माउलीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या समाजाने स्वतःला सुशिक्षित कोणत्या तोंडाने म्हणवावे?

प्रत्येक द्वाड पोर आजारी नसते, हे आम्हांस मान्य आहे. घरातील वातावरणाचा मुलावर परिणाम होतो, हेही खरे. पण मन आजारी पडते तेव्हा आजार दिसत नाही, दिसते ते वर्तन. आणि तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवणारे आपण, या मुलाला मात्र दोन थोबाडीत देण्याचा सल्ला देतो!

हा मोह अडाण्यांनाच होतो असेही नव्हे. 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामांकित मनोविकारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियाचे मूळ आईच्या वागणुकीत शोधले. 1967 साली ब्रूनो बेटलहाइम यांनी स्वमग्न मुलांच्या आयांना दोष दिला. शास्त्राने ही मते पुढे टाकून दिली. आमच्या जिन्यांत ती अजून सुखाने नांदत आहेत.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. म्हणजे पन्नासांच्या वर्गात तीन-चार मुले. त्यांचे आपण काय करतो? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढता येत नाही. यावर काही शाळांनी नामी तोड काढली आहे : मुलाला काढायचे नाही, पालकांनाच बोलावून सांगायचे, "तुम्हीच दाखला घेऊन जा." कायदाही शाबूत आणि पोरही बाहेर!

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरविला. विमा कंपन्यांनी शरीराच्या व मनाच्या आजारांत भेद करू नये, असेही बजावले. अल्पवयीन मुलाला रुग्णालयात ठेवल्यास पालकाने, किंवा त्याने नेमलेल्या माणसाने, अखेरपर्यंत त्याच्याजवळ राहिलेच पाहिजे, असा त्यात दंडक आहे. तो योग्यच आहे. परंतु तीन रात्री न झोपलेली आईच तेथे बसणार असेल, तर घरातल्या धाकट्या मुलीला जेवू कोण घालणार? नोकरीवरची रजा किती दिवस पुरणार? अशा पालकांना चार दिवसांचा विसावा देणारी सोय सरकारने प्रत्येक जिल्ह्यात उभी केली पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. 14416 हा 'टेली-मानस'चा क्रमांक 2022 पासून मदतीला आहे. पण दूरध्वनीवरचा आवाज कितीही मायाळू असला, तरी तो कोणाच्या उशाशी जागू शकत नाही.

आणि शाळेने दाखला नेण्यास सांगितलेल्या आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे : त्या अर्जावर सही करू नका. कारण लेखी मागा.