गावाचा हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर

अहिल्यानगर जिल्ह्यात राजकारणावर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. साखर कारखान्याची निवडणूक असो, कांद्याचा भाव असो की मुळा-भंडारदरा धरणांचे आवर्तन, पारावर, एसटी स्टँडवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर माणसे तावातावाने बोलतात. बोलावेच. लोकशाहीला गप्प बसणारी माणसे परवडत नाहीत. प्रश्न आहे तो या मतांच्या बुडाशी असलेल्या माहितीचा.

31 मे 2023 रोजी चौंडीत अहमदनगर जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, 2024 मध्ये ते अधिकृत झाले. त्यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले गेले. जिल्हा परिषदेची मुदत मात्र मार्च 2022 मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. निवडून दिलेला सदस्य नसताना आपल्या भागातला कोणता रस्ता मंजूर झाला, कोणत्या शाळेची खोली मागे पडली, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? नावावर वाद घालायला मोबाईल पुरतो. कामाचा हिशेब मागायला कागद हातात लागतो.

आणि हा कागद आता लपलेला नाही. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू केले. गावाचा विकास आराखडा, वित्त आयोगाचा आलेला निधी, झालेला खर्च हे सारे तिथे कोणालाही पाहता येते. पण त्यासाठी आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असे एकेक निवडत जायचे, इंग्रजी रकान्यांतून वाट काढायची आणि शेवटी उघडलेला तक्ता मोबाईलच्या वीतभर पडद्यावर डावी-उजवीकडे सरकवत वाचायचा. शेतातून दमून आलेला माणूस हे करणार नाही आणि त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही. त्याच मोबाईलवर कोणाचे तरी तिखट भाषण आपोआप समोर येते. मग मत त्यावरच बनते. माहिती इंटरनेटवर आहे, गावात नाही, हे आजचे खरे दुखणे आहे.

ज्या जिल्ह्याने राज्याला माहिती अधिकाराची चळवळ दिली तिथे हे दुखणे अधिक बोचते. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून राज्याचा माहिती अधिकार कायदा आला, 2005 मध्ये केंद्राचा आला. या केंद्रीय कायद्याचे चौथे कलम सांगते की नागरिकाने अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयांनी माहिती स्वतःहून, स्थानिक भाषेचा विचार करून, लोकांपर्यंत पोहोचवावी. सूचनाफलक हे त्यासाठीचे एक साधन म्हणून कायद्यातच नमूद आहे. वेबसाइटवर टाकले की जबाबदारी संपली, असा या कलमाचा अर्थ नाही.

माहिती सर्वांसमोर मांडली की काय घडते, हे याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवून दिले आहे. तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. यंदा पाऊस किती मिलिमीटर पडला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसेल, हे सगळे मिळून ठरवतात. मतभेद तिथेही असतील. पण आकडे एकच असल्याने बोलणे निर्णयापर्यंत पोहोचते.

गावोगावी हे काम करायला नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. अनेक गावांत सार्वजनिक वाचनालय आहेच. नगरचे जिल्हा वाचनालय 1838 सालचे. वाचनसंस्कृती या मातीला नवी नाही. आजही वाचनालयाच्या टेबलावर ‘लोकमत’, ‘सकाळ’, ‘पुढारी’, ‘सार्वमत’ शेजारी शेजारी पडलेले असतात. दोन विरुद्ध पक्षांची माणसे समोरासमोर बसून एकाच अंकाची पाने वाटून घेतात. मोबाईलने प्रत्येकाला त्याच्या आवडीचे तेवढेच दाखवायचा सपाटा लावलेला असताना, न आवडणारी बातमीही नजरेखालून जाते अशी ही गावातली उरलीसुरली जागा आहे.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या आठ दिवस आधी ग्रंथपालाने पोर्टलवरचा आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च छापून घ्यावा, अवघड इंग्रजी रकान्यांचे मराठी करावे आणि तारखेसह वाचनालयाच्या फळ्यावर लावावा. शेजारी मागच्या ग्रामसभेचे ठराव लावावेत. एक संगणक, एक प्रिंटर आणि तालुक्याला एक प्रशिक्षण, एवढ्यात हे होते. ग्रंथालयातला नवा प्रयोग म्हटला की काचेच्या खोल्या आणि ई-बुकची कपाटे डोळ्यांसमोर आणली जातात. गावाला आधी त्याचा स्वतःचा हिशेब वाचायला मिळाला पाहिजे.

यातून वाचनालयात राजकारण शिरेल, अशी भीती काहींना वाटेल. ती अस्थानी आहे. फळ्यावर कोणाचे मत लागणार नाही, सरकारचीच नोंद लागेल. त्या नोंदीने ज्याची अडचण होईल, त्याने उत्तर ग्रामसभेत द्यावे.

खरी अडचण आहे ती ग्रंथपालाच्या पगाराची. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार रुपये अनुदान होते. 2022 मध्ये सरकारने 60 टक्के वाढ मंजूर केली, तरी ते 48 हजारांवरच गेले. त्यातला निम्मा वाटा वेतनाचा धरला, तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला 2 हजार रुपये पडतात. त्यापेक्षा जास्त मजुरी शेतात आठवडाभर राबणाऱ्याला मिळते. एवढ्या पैशांत माणूस वाचनालयाचे कुलूप उघडतो, हेच त्याचे उपकार आहेत. त्याच्यावर नवे काम नुसते लादणे हा अन्याय होईल.

तेव्हा सरकारने अनुदानाची पुढची वाढ थेट ग्रंथपालाच्या मानधनासाठी द्यावी आणि हिशेबाचा फळा हे त्याचे रीतसर काम ठरवावे. आणि मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, गावाने एवढे जरूर विचारावे: आमच्या वाचनालयासाठी तुम्ही काय करणार, आणि तुमचा हिशेब त्या फळ्यावर लावायची तुमची तयारी आहे का?