विमानाचे पोट भरणाऱ्या हातांचा सवाल

ऑस्ट्रेलियातील क्वांटास या विमान कंपनीला तेथील फेडरल कोर्टाने 18 ऑगस्ट 2025 रोजी 9 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. त्यातील 5 कोटी डॉलर ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियनला देण्याचा आदेश झाला. आपल्याकडे ही बातमी व्यापाराची म्हणून वाचली गेली. आमच्या मते ती कामगारांची बातमी आहे, आणि विमानात कधीही न बसलेल्या आमच्या वस्त्यांशी तिचा जवळचा संबंध आहे.

प्रकरण असे. कोरोनाच्या काळात, 2020 साली, क्वांटासने 10 विमानतळांवरील सामान चढविण्या-उतरविण्याचे आणि सफाईचे काम बाहेरच्या ठेकेदारांना देऊन टाकले. 1,820 कामगार घरी गेले. कंपनी म्हणाली, धंदा बुडाला, खर्च कमी करणे भाग आहे. युनियन म्हणाली, खरे कारण दुसरे आहे. हे कामगार संघटित आहेत, लवकरच त्यांचा करार संपेल, ते वाटाघाटीला बसतील आणि गरज पडली तर संप करतील. ती वेळ येण्याआधीच कंपनीला त्यांचा काटा काढायचा आहे.

यातील कायद्याची मेख समजून घेतली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या 2009 च्या फेअर वर्क कायद्यात कामगाराने हक्क बजावू नये म्हणून त्याच्याविरुद्ध कारवाई करणे गुन्हेगारी नसले तरी बेकायदा आहे. आणि महत्त्वाचे म्हणजे, आपला हेतू तसा नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. क्वांटासला ते सिद्ध करता आले नाही. न्या. मायकेल ली यांनी 2021 साली निकाल कामगारांच्या बाजूने दिला. 2022 साली अपील फेटाळले गेले. कंपनी सर्वोच्च पातळीवर हायकोर्टात गेली आणि म्हणाली, संपाचा हक्क त्या दिवशी अजून उत्पन्नच झाला नव्हता, मग आम्ही तो हिरावला कसा? 13 सप्टेंबर 2023 रोजी हायकोर्टाने हा युक्तिवाद एकमताने फेटाळला. उद्या मिळणारा हक्क आज मारणे हाही हक्कभंगच, असा त्याचा अर्थ. डिसेंबर 2024 मध्ये 12 कोटी डॉलरची भरपाई ठरली, आणि त्यावर हा दंड.

परंतु आम्ही हुरळून जाणार नाही. या कामगारांना नोकरी परत मिळाली नाही. पुन्हा कामावर घेण्याची मागणी कोर्टाने 2021 सालीच नाकारली होती. न्याय मिळाला, पण काम गेले ते गेलेच.

आता प्रश्न सुरक्षेचा. काम बाहेर दिल्यानंतर सामान चुकीचे लादले जात असल्याच्या तक्रारी युनियनने पुन्हा पुन्हा मांडल्या. कुणी म्हणेल, हमालीच्या कामात कसली आली चूक? विमानाच्या पोटात सामान भरणे म्हणजे ट्रकमध्ये पोती फेकणे नव्हे. पुढच्या कप्प्यात किती वजन, मागच्या कप्प्यात किती, कोणता माल कशाजवळ ठेवायचा नाही, जाळी आणि खटके कुठे लावायचे, हे सारे ठरलेले असते. त्यावर विमानाचा तोल अवलंबून असतो. वैमानिक खाली उतरून बॅगा मोजत नाही. तो कागदावर विश्वास ठेवून विमान उडवतो. त्या कागदाला खरे करतो तो लोडर.

हा विश्वास तुटला तर काय होते? 29 एप्रिल 2013 रोजी अफगाणिस्तानातील बग्राम येथून उडालेल्या मालवाहू जंबो विमानात जड लष्करी वाहने नीट जखडलेली नव्हती. उड्डाण होताच एक वाहन मागे सरकले, विमानाची नियंत्रण यंत्रणा मोडली आणि सातही जण मेले. 11 मे 1996 रोजी अमेरिकेत व्हॅल्यूजेटच्या विमानात प्राणवायू तयार करणारे डबे सुरक्षा टोपणांशिवाय, 'रिकामे' म्हणून चढविले गेले. ते ठेकेदाराच्या गोदामातून आले होते. विमानाला आग लागली आणि 110 माणसे मेली. 2005 साली अलास्का एअरलाइन्सने सिअ‍ॅटल येथील 472 कामगार काढून काम ठेकेदाराला दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सामान चढविणाऱ्या एका ठेका कामगाराकडून विमानाला धक्का लागला, आणि त्याने ते सांगितले नाही. आकाशात विमानाला भोक पडले, आतला हवेचा दाब गेला. सुदैवाने विमान परत उतरले.

त्याने का सांगितले नाही, हा खरा प्रश्न आहे. ज्याची नोकरी उद्या असेल की नाही याची खात्री नाही, तो आपली चूक कबूल करील काय? कायम कामगार चूक सांगतो, कारण त्याच्या पाठीशी युनियन असते. ठेक्याचा कामगार गप्प बसतो, कारण त्याच्या पाठीशी त्याची बायका-मुलेच असतात. म्हणून आम्ही म्हणतो, युनियन ही प्रवाशाच्या सुरक्षेचीही व्यवस्था आहे.

मालकांना हे कळत नाही असे नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये क्वांटासच्याच ग्राउंड सर्व्हिसेस कंपनीतील एका सुरक्षा प्रतिनिधीने, चीनहून आलेली विमाने पुरेशा संरक्षणाशिवाय साफ करू नका, असे सहकाऱ्यांना सांगितले. तेथील कायद्याने तसा अधिकार त्याला होता. कंपनीने त्यालाच कामावरून दूर केले. 2023 साली कोर्टाने कंपनीला दोषी ठरविले आणि 2024 साली अडीच लाख डॉलरचा दंड केला.

आता आपल्याकडे पाहू. जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिना येथे एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसच्या सुमारे 2,200 जागांसाठी हजारो तरुण लोटले. चेंगराचेंगरीची वेळ आली. जागा कसली? सामान चढविण्याची, तीही मुदती कराराची. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा तिच्या नोकऱ्यांत आरक्षण होते. जानेवारी 2022 मध्ये ती टाटांकडे गेली आणि ते दार बंद झाले. जमिनीवरचे काम सांभाळणारी ही कंपनी सरकारकडे राहिली, पण तेथे कायम नोकरी राहिली नाही. म्हणजे आरक्षण जागेला, आणि जागाच तीन वर्षांची! पदवीधर पोरगा हमालीसाठी रांगेत उभा राहतो, यात आमची पोरे किती असतील हे चळवळीच्या वाचकांना सांगायला नको.

आमच्याकडे असाच एक लोडर सल्ल्यासाठी आला होता. सामान चढविण्याच्या पट्ट्याचा ब्रेक लागत नाही, असे त्याने मुकादमाला दोनदा सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याचा विमानतळाचा पास काढून घेतला गेला. पत्र नाही, चौकशी नाही. ठेकेदार म्हणतो पास दुसऱ्याने काढला, तो दुसरा म्हणतो हा आमचा कामगार नाही. आम्ही खटला दाखल करू शकतो. पण युनियनच्या किंवा तक्रारीच्या रागातून काढले, हे आपल्याकडे कामगाराला सिद्ध करावे लागते. ऑस्ट्रेलियात ओझे मालकाच्या खांद्यावर, येथे ज्याचा खांदा आधीच वाकला आहे त्याच्यावर!

हे नेहमीच असे नव्हते. 1996 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. के. रामस्वामी यांच्या खंडपीठाने एअर इंडियाच्याच प्रकरणात सफाईच्या ठेका कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला होता. ठेका बेकायदा ठरला की कामगार आपोआप मूळ मालकाचा, असे ते तत्त्व. 30 ऑगस्ट 2001 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ते तत्त्व उलटविले. पाच वर्षांत दार उघडले आणि मिटले. तेव्हापासून ठेका पद्धतीला रान मोकळे आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षेच्या संहितेत जिवावर बेतणाऱ्या धोक्याची तक्रार मालकाकडे आणि निरीक्षकाकडे करण्याचा हक्क आहे. ही तरतूद आम्ही नाकारत नाही. पण ऑस्ट्रेलियातील सुरक्षा प्रतिनिधीसारखा काम थांबवायला सांगण्याचा अधिकार तीत नाही. दुसऱ्या संहितेत 51 टक्के कामगार असलेल्या युनियनला मान्यता आहे, परंतु ज्यांची नावे वेगवेगळ्या ठेकेदारांच्या हजेरीपटावर विखुरली आहेत त्यांनी 51 टक्के मोजायचे कुठे?

बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1943 साली युनियनला सक्तीने मान्यता देणारे विधेयक मांडले होते. त्याआधी 7 नोव्हेंबर 1938 रोजी संपावर बंधने आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईचा कामगार त्यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरला होता. संपाचा हक्क काढून घेणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, ही त्यांची भूमिका होती. आम्ही बाबासाहेबांना घटनाकार म्हणून जेवढे आठवतो तेवढे मजूरमंत्री म्हणून आठवत नाही, ही आमची चूक आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. विमानतळावरील बारमाही कामावर ठेका नको. धोका सांगणाऱ्याला काढले तर त्याचे खरे कारण मालकाने सिद्ध करावे. सुरक्षा प्रतिनिधीला काम थांबविण्याचा अधिकार मिळावा. खासगी झालेल्या सार्वजनिक उद्योगांत आरक्षणाचा कायदा व्हावा.

हे कुणी आपणहून देणार नाही. सिडनीच्या कामगारांना पाच वर्षे लढावे लागले, आणि ते लढू शकले कारण त्यांची युनियन शाबूत होती. आपल्या वस्तीतला जो पोरगा विमानतळावर रात्रपाळीला जातो, त्याला आधी एवढेच विचारा: तुझ्याकडे नेमणुकीचे पत्र आहे काय? आणि तुझी युनियन कोणती? उत्तर नाही असे आले, तर चळवळीचे काम तेथून सुरू होते.