पहिला आणि एक हजार तीनशे नव्वदावा

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर शाळेत पालकांची ये-जा असते. यंदा एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा दाराशीच थांबला. मार्कशीट टेबलावर ठेवून वडील म्हणाले, "सर, पोटाला चिमटा काढून क्लास लावला आणि हे बघा. याचं नाव खालून शोधलं तर लवकर सापडेल." मुलाने मान वर केली नाही. मीही त्या वेळी "होईल, होईल, पुढे बघू" एवढंच पुटपुटलो.

त्या मुलाला सांगण्यासारखी गोष्ट मला घरी गेल्यावर आठवली. ती अमेरिकेतल्या बेसबॉलची आहे.

तिथे व्यावसायिक बेसबॉल संघ दरवर्षी हौशी खेळाडूंची निवड करतात. तिला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. संघ एकामागून एक नाव घेतात आणि ज्याने नाव घेतलं त्यालाच त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो. ही पद्धत १९६५ मध्ये सुरू झाली. त्याआधी श्रीमंत संघ पैसा ओतून चांगली मुलं उचलत आणि गरीब संघ बघत बसत. म्हणून मागच्या हंगामात जो संघ तळाला असेल त्याला आधी निवडू द्यायचं, असा नियम झाला. अलीकडे वरच्या काही जागांसाठी सोडतही काढतात, पण झुकतं माप दुबळ्यांनाच असतं.

निवडली जाणारी मुलं शाळा-कॉलेजातली. त्यांच्या मागे संघांचे पारखी वर्षभर गावोगाव हिंडतात. चेंडूचा वेग, धावण्याचा वेळ, मनगटाची ताकद, सगळं मोजून वहीत टिपतात. मुलांची पारख हाच त्यांचा धंदा. तरीही या माणसांचे अंदाज किती चुकतात ते पाहा.

१९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सला पहिली पाळी मिळाली. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट हा मुलगा घेतला. दुखापतींनी त्याला घेरलं आणि तो वरच्या दर्जाचा एकही सामना खेळू शकला नाही. त्याच्यामागून दुसऱ्या क्रमांकावर गेलेला रेजी जॅक्सन पुढे नामांकित फलंदाज झाला. १९९१ मध्ये यांकीज संघाने ब्रायन टेलर या शाळकरी गोलंदाजाला पहिल्या क्रमांकावर घेऊन साडेपंधरा लाख डॉलर दिले. दोन वर्षांनी भावाच्या भांडणात तो मध्ये पडला, खांदा निखळला आणि तोही वरपर्यंत पोहोचला नाही.

आता दुसरं टोक. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर, लॉस एंजेलिस डॉजर्सने माइक पियाझा हे नाव घेतलं. तेसुद्धा खेळ पाहून नव्हे. संघाचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा हे माइकच्या वडिलांचे जुने दोस्त. त्यांनी शब्द टाकला म्हणून नाव घेतलं गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर वशिला लागला.

पण वशिल्याचं काम तिथेच संपलं. माइकला सांगितलं गेलं, तू कॅचर हो. म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून, अंगावर येणारे वेगवान चेंडू झेलत राहायचं. हे काम त्याला येत नव्हतं. ते शिकायला तो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या संघाच्या अकादमीत गेला. तिथे सगळे स्पॅनिश बोलणारे. पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, तो आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. कारकिर्दीत त्याने ४२७ होमरन मारले. होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका. त्यातले ३९६ कॅचर म्हणून खेळताना, आणि तो विक्रम आहे.

२०१६ मध्ये बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये दोन खेळाडूंना एकाच दिवशी मान मिळाला. एक हा पियाझा. दुसरा केन ग्रिफी ज्युनियर, १९८७ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक. यादीतला पहिला आणि १३९० वा, दोघे एका मंचावर.

इथे गोष्ट संपवली असती तर "शेवटचा नंबरही पुढे जातो" एवढाच धडा मिळाला असता. पण मला जास्त बोचते ती पहिल्या क्रमांकाची गोष्ट. ग्रिफीचे वडीलही नामांकित खेळाडू. मुलगा सतरा वर्षांचा असताना देशात पहिला निवडला गेला. आपल्याकडे असं घडलं असतं तर गल्लीत मिठाई वाटली असती. आणि निवडीनंतर काही महिन्यांतच, १९८८ च्या जानेवारीत, त्या मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला. अल्लाहच्या कृपेने तो वाचला. चार वर्षांनी त्याने हे स्वतः जाहीर सांगितलं, दुसऱ्या कुणा मुलाने तसं पाऊल उचलू नये म्हणून. त्याच्या सांगण्याचा मतलब असा होता की मैदानावर सगळे ओरडत होते आणि घरी आलं की घरचेही ओरडत होते.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पहिल्या नंबरच्या मुलाला घरात आसरा वाटला नाही, तर माझ्या दाराशी मान घालून उभा असलेल्या मुलाचं काय होत असेल? पुढे १९९० मध्ये ग्रिफी बाप-लेक एकाच संघातून खेळले आणि एका सामन्यात दोघांनी लागोपाठ होमरन मारले. ओरडा थांबला की बाप-लेक असेही शेजारी उभे राहू शकतात.

आपण म्हणतो रिझ्क आणि तकदीर अल्लाहच्या हातात आहे. मग निकालाच्या दिवशी मार्कशीटलाच तकदीर का मानतो? मेहनत करायची, उंट नीट बांधायचा आणि मग तवक्कल, ही शिकवण आपल्या घराघरात आहे. मुलगा नापास झाला किंवा कमी पडला तर त्याला जाब विचारावा, चुका दाखवाव्यात. पण चार माणसांसमोर त्याला "वाया गेला" म्हणू नये. ते निदान नसतं, तो ठपका असतो आणि तो वर्षानुवर्षे पुसत नाही.

पियाझाच्या गोष्टीतली आणखी एक बाब मी लपवणार नाही. त्याच्या वडिलांना लासोर्डा ओळखीचा होता. आपल्या बहुतेक मुलांच्या अब्बांना कुणीच ओळखीचं नसतं. कोणता कोर्स, कुठली शिष्यवृत्ती, फॉर्मची शेवटची तारीख कधी, हे सांगणारंही कुणी नसतं. इथे आपलं काम सुरू होतं. खोटी शिफारस नको, दुसऱ्याचा हक्क मारणं तर नकोच. पण मोहल्ल्यातल्या शिकल्या-सवरल्या प्रत्येकाने एका मुलासोबत फॉर्म भरायला जावं, एका कारखानदाराला "याला महिनाभर काम शिकवून बघा" असं म्हणावं. एवढ्यानेही दार किलकिलं होतं. आत गेल्यावर उकिडवं बसून घाम गाळायचा, तो मुलानेच.

दुसऱ्या दिवशी मी त्या वडिलांना फोन केला आणि मुलालाही बोलावून घेतलं. विचारलं, तुला काय करायला आवडतं? बराच वेळ तो बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "सर, मोटार वाइंडिंग. मामूंच्या दुकानात मी करतो." वडील त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. आम्ही तिघांनी बसून आयटीआयचा फॉर्म भरला. नंबर लागेल की नाही, अल्लाह जाणे. पण जाताना वडिलांचा हात मुलाच्या खांद्यावर होता.

तुमच्या घरातही निकाल आला असेल. आज रात्री जेवताना त्या मुलाला, त्या मुलीला आधी पोटभर जेवू द्या. मार्कांचं सकाळी बोलू.